इनासची चाकांवरची खोली

इनास गेल्याचा फोन आला तेव्हा मी आंबिवलीच्या घरात स्टुलावर चढलेलो. भिंतीवर नातीचा फोटो लावत होतो. खिळा ठोकून झालेला, फ्रेम अडकवून झालेली, आणि मान मागे करून बघितलं तर डावी बाजू जरा उतरलेली वाटत होती. मनात म्हटलं, मरू दे, इनास येईल तेव्हा नावं ठेवेलच, त्यालाच सरळ करायला लावू. तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे ग्लोरिया, त्याची मुलगी. "अंकल, पप्पा गेले." मी विचारलं, "कुठे गेले?" ... काय माणूस मी! सकाळचा चहा पिऊन झाल्यावर खुर्चीतच गेला. वहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोने, नंतर सांगितलं, की बशी रिकामी करून त्याने टेबलावर ठेवली आणि एक थेंब इकडचा तिकडे झाला नव्हता. सांगताना त्या रडत होत्या, आणि रडता रडता त्यांना त्या बशीचं कौतुकही वाटत होतं. या गोष्टीला आता दीड महिना झाला. फोटो अजून वाकडाच आहे. बायको रोज म्हणते सरळ करा, आणि माझा हात काही उठत नाही.

इनास ठाण्यातल्या जुन्या गावठाणातला, पिढ्यान्‌पिढ्यांचा ईस्ट इंडियन ख्रिश्चन. मी आंबिवलीचा, बौद्ध वस्तीतला. आमची गाठ पडली वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात. तो फिटर, मी स्टोअरकीपर. सकाळी स्टोअरच्या खिडकीत तोंड घालून तो ओरडायचा, "जय भीम, साहेब!" आणि मी रजिस्टरातून मान वर न करता म्हणायचो, "गुड मॉर्निंग, फादर." फादर व्हायचं एकही लक्षण त्याच्यात नव्हतं. देह ऐसपैस, आवाज त्याहून ऐसपैस, आणि जेवणाच्या सुट्टीत माझ्या डब्यातल्या सुकटीवर त्याचा हक्क. नवीन मशीन आलं की ते जमिनीवर बसवायचं काम त्याचं. बसवायचं म्हणजे लेव्हल करायचं. लेथच्या पाठीवर तो स्पिरिट लेव्हल ठेवायचा, काचेतल्या बुडबुड्याकडे एक डोळा मिटून बघायचा आणि माझ्याकडे पळत यायचा, "मिल्या, मशीनच्या पायाखाली घालायला पत्र्याचा तुकडा दे. पातळ." मी म्हणायचो, "सही घेतलेली स्लिप आण." "अरे, नखाएवढा तुकडा पाहिजे!" "नखाएवढी स्लिप आण." यावरून आमची इतकी वर्षं भांडणं झाली, की ती नसती तर आमची दोस्ती झाली नसती. कॅन्टीनचं टेबल हललं तर तो आधी पायाखाली कागदाची घडी घालायचा, मगच घास घ्यायचा. आम्ही हसायचो. त्याला काही फरक पडायचा नाही.

त्याची बायको फिलोमिना. माझ्या वहिनी. ह्या बाईंच्या हातचे फुगे, म्हणजे आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोळे, ज्याने खाल्ले नाहीत त्याने ठाण्यात येऊन काय केलं, असं मला वाटतं. पण मधल्या एका आजारपणात त्यांच्या कानाच्या आत काहीतरी बिघडलं आणि चक्कर मागे लागली. उशी जरा खाली गेली, पलंग जरा कलता असला, की डोळ्यांपुढे घर फिरायला लागायचं. एकदा दोघं फिरायला गेलेले, तिथल्या लॉजमधला पलंग डोक्याकडून उतरता होता. दुसऱ्या दिवशी वहिनींना मान उचलता येईना. तेव्हापासून त्यांनी घराबाहेर मुक्कामाला जाणंच सोडलं. माहेरचं लग्न असो, बारसं असो, सकाळी जाऊन संध्याकाळी परत. मग तेही कमी झालं. ज्या बाईचं हसणं गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायचं ती खिडकीत बसून भाजी निवडायला लागली. एकदा टपरीवर चहा पिता पिता इनास म्हणाला, "मिल्या, आयुष्यभर मी लोखंडाला सरळ झोपवलं रे. घरच्या माणसाला झोपवता येत नाही." एवढं बोलून बशी तोंडाला लावली.

रिटायर झाल्यावर अंगणात ठोकाठोक सुरू झाली. भंगारातला एक सांगाडा, दोन चाकं, वर पत्र्याची आणि प्लायवूडची पेटी. बाजूचे विचारायचे, "इनास, भाजीची गाडी टाकतोस काय?" तो म्हणायचा, "खोली बांधतोय." जीपच्या मागे हुकाला लावून ओढत न्यायची खोली. आत समोरासमोर दोन बाकडी, तीच रात्रीची अंथरुणं. डावं बाकडं वहिनींचं, उजवं त्याचं, मध्ये फळीएवढं टेबल, कोपऱ्यात शेगडी. बाहेरून हिरवा रंग, आतून वहिनींच्या आवडीचा पिवळा. "फिलू जिथे झोपेल तिथली जमीन मी सरळ करीन," असं त्याने मला सांगितलं, आणि मी म्हटलं, "जमीन काय तुझ्या बापाची आहे?" त्यावर तो एवढा मोठ्याने हसला की कुत्री भुंकायला लागली.

पहिली फेरी मुरबाडच्या पुढे, एका ओळखीच्या माणसाच्या आमराईत. तिथे मी जो पराक्रम केला तो सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही, कारण इनासने तो भेटेल त्याला सांगितलाय. आमराईची जमीन उतरती. इनास म्हणाला, "मिल्या, चाकांना ठोकळे लाव, मग मी हुक काढतो." आता ठोकळे लावणं हे काम मी जन्मभर केलेलं. कारखान्यात माल घेऊन ट्रक आला की माझ्या स्टोअरच्या धक्क्यावर मी स्वतः उभा राहून त्याच्या चाकांना ठोकळे लावून घ्यायचो, त्याशिवाय एक बॉक्स उतरू द्यायचो नाही. मी मोठ्या ऐटीत गेलो आणि पुढच्या आणि मागच्या चाकांना चारी बाजूंनी ठोकळे ठोकले. "लावले?" "लावले!" इनासने हुक सोडवला. जीप तसूभर हलली नाही... कारण ठोकळे मी जीपला लावलेले. खोली निघाली. आधी विचार केल्यासारखी हळू, मग निवांत, उतारावरून मागच्या मागे. माझी पाचावर धारण बसली. वहिनी पाण्याची बाटली घ्यायला दोनच मिनिटांपूर्वी आतून उतरलेल्या. खोली गेली आणि खालच्या बांधाला पाठ लावून थांबली. आतून भांडी पडल्याचा आवाज आला, मग सगळं शांत. मी मटकन खालीच बसलो. इनासचा चेहरा पांढरा पडलेला. त्याने वहिनींकडे बघितलं, त्या उभ्या आहेत ना याची खात्री केली, मग माझ्याकडे वळला आणि म्हणाला, "चल, जीप वाचली आपली." सगळ्यात आधी हसल्या त्या वहिनी. कितीतरी वर्षांनी ते गल्लीच्या टोकाचं हसणं त्या आमराईत ऐकू आलं. मला मात्र संध्याकाळपर्यंत घास उतरला नाही, खोटं कशाला बोलू.

त्या दिवसापासून इनासची शिस्त लागली, आणि ती त्याने कधी मोडली नाही. आधी रिकाम्या हाताने जागा फिरून यायची. टाच आपटून बघायची, माती दबली तर जागा बदलायची. वर वाळकी फांदी नको, बाजूला ओढा नको. मग गाडी हुकाला असतानाच डावं-उजवं सरळ करायचं: जी बाजू खाली, त्या चाकापुढे फळ्या मांडायच्या आणि जीपने हळूच पुढे ओढून चाक फळ्यांवर चढवायचं. दगडविटा चालणार नाहीत. "वीट फुटते आणि सांगून फुटत नाही," तो म्हणायचा. मग ठोकळे, आणि ते कुणाच्या चाकाला लावायचे हे दर वेळी माझ्याकडून मोठ्याने वदवून घ्यायचे. "कुणाच्या चाकाला, साहेब?" "खोलीच्या." "ऐकू आलं नाही!" "खोलीच्या, मेल्या, खोलीच्या!" त्यानंतर हुक काढायचा. पुढचा स्क्रू जॅक फिरवून पुढचं-मागचं सरळ करायचं आणि शेवटी चार कोपऱ्यांचे चार पाय खाली सोडायचे, पायाखाली लाकडाचा तुकडा. त्या पायांनी गाडी उचलायला गेलं की तो खवळायचा. "पाय टेकायला दिलेत, उचलायला नाही. वाकले तर फिलू आतल्या आत लोळेल!" हे सगळं होईपर्यंत कुणीही आत पाऊल ठेवायचं नाही, वहिनींनीसुद्धा नाही. त्या बाहेर खुर्चीत बसून आमची गंमत बघायच्या.

पण एका गोष्टीवरून मी त्याला कायम छळायचो. सगळं झाल्यावर मी दारातून लेव्हलपट्टी टेबलावर ठेवायचो आणि बुडबुडा मधोमध नसायचा. उजवीकडे चढलेला असायचा, म्हणजे उजवी बाजू उंच. शिवाय उजवीकडचे दोन पाय लाकडाला टेकलेले नसायचे, बोटभर अंतर राहिलेलं. "काय रे फिटर? जन्मभर लेथ लेव्हल केलेस आणि ही काय तुझी लेव्हल? चाकाखालच्या फळ्यांवरची ती बारीक पट्टी काढ." तो म्हणायचा, "थांब, चहा येऊ दे." मग नवरा-बायको दोघं आत जायची, आपापल्या बाकड्यावर बसायची, वहिनी चहा करायच्या आणि एक बशी काठोकाठ भरून टेबलावर ठेवायच्या. आणि काय सांगू, चहा सगळ्या काठांना सारखा लागलेला असायचा. इनास दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे बघून भुवया उडवायचा आणि वाकून भुरका मारायचा. मला वाटायचं काहीतरी हातचलाखी आहे. विचारलं तर सांगायचा नाही. "स्टोअरकीपरला सांगून काय फायदा? तो स्लिप मागणार."

त्यानंतर वहिनी फिरल्या... किती फिरल्या! मी कधी सोबत असायचो, बाहेर माझा छोटा तंबू टाकून, कधी नसायचो. जिथे जायचे तिथला फळ्या-पट्ट्यांचा हिशेब इनास फळीवर पेन्सिलने लिहून ठेवायचा. 'आमराई, आंब्याखाली: उजवीकडे दोन जाड, एक बारीक.' 'तळ्याकाठी: डावीकडे एक जाड.' माहेरच्या अंगणातसुद्धा खोली उभी राहिली आणि वहिनी भाचीच्या लग्नाला चार दिवस राहून आल्या. परत आल्यावर त्यांनी मला फोन केला, "भावजी, मी नाचले!" मी इनासला म्हटलं, "तू हे सगळं कशाने सरळ केलंस बाबा?" तो म्हणाला, "पत्र्याच्या तुकड्याने. स्लिपशिवाय."

तो गेला आणि वहिनी पुन्हा खिडकीत बसल्या. महिन्याच्या मिस्साला, त्याच्यासाठीच्या चर्चमधल्या प्रार्थनेला, मी गेलेलो. चर्चमधून घरी येईपर्यंत त्यांनी ग्लोरियाचा दंड सोडला नाही. चक्कर परत आलेली. नातेवाईक म्हणत होते, अंगण अडलंय, आता ती गाडी कोण नेणार, कुणाला तरी देऊन टाका. लोक गेल्यावर वहिनी मला म्हणाल्या, "भावजी, एकदा आमराईत जाऊन येऊ. तुम्ही लेव्हल करा. मला तिथे पडता आलं तर खोली ठेवीन. नाही आलं तर ज्याला पाहिजे त्याने न्यावी... आणि मग मी काही घराबाहेर पडायची नाही." मी म्हटलं, "वहिनी, मी जीपला ठोकळे लावणारा माणूस." त्या म्हणाल्या, "म्हणूनच. तुम्ही ती चूक परत करणार नाही."

मागच्या रविवारी गेलो. जीप ग्लोरियाने चालवली. वहिनी बाहेर खुर्चीत बसल्या, त्याच आंब्याखाली, आणि मी कामाला लागलो. जागा फिरून आलो, टाच आपटली. फळीवरचं इनासचं अक्षर वाचलं: उजवीकडे दोन जाड, एक बारीक. ग्लोरियाने चाक अलगद चढवलं. ठोकळे लावताना मी आपणहूनच मोठ्याने म्हटलं, "खोलीच्या!" वहिनी तोंडावर पदर धरून हसल्या की रडल्या, मला बघवलं नाही. हुक काढला. खोली हलली नाही. जॅक फिरवला, पाय सोडले, आणि उजवीकडचे दोन बोटभर वर ठेवले, कारण तो ठेवायचा. का ठेवायचा ते मला ठाऊक नव्हतं. वहिनी आत जाऊन आपल्या बाकड्यावर बसल्या, चहा केला, बशी भरली. आणि चहा डावीकडच्या काठावरून त्यांच्या बाजूला सांडला. त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली आणि डोळे मिटले. "फिरतंय, भावजी."

मी लेव्हलपट्टी लावली: बुडबुडा उजवीकडे, दर वेळी असायचा तसाच. आता समोरच्या बाकड्यावर नजर गेली. रिकामं. ... आणि इतक्या वर्षांनी माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. इनास रिकामी खोली कधी लेव्हल करतच नव्हता. तो ती दोघं बसल्यानंतरची लेव्हल काढत होता. आपला तो ऐसपैस देह उजवीकडे बसला की चाकावरची स्प्रिंग किती दबणार, उजवी बाजू किती उतरणार, याचा अंदाज करून तो बारीक पट्टी घालत होता. तो बसला की खालचे दोन पाय लाकडाला टेकायचे, टक् असा आवाज यायचा आणि बुडबुडा मधोमध. तो टक् मी शंभरदा ऐकला असेल. माणूस बसल्याचा आवाज म्हणून सोडून दिला.

मी वहिनींना हे सांगितलं आणि घाईघाईने म्हटलं, "दोन मिनिटं बाहेर या, बारीक पट्टी काढून टाकतो, झालं." त्या डोळे न उघडता म्हणाल्या, "पट्टी काढायची नाही. ती त्यांची जागा आहे." मग म्हणाल्या, "तुम्ही बसा तिकडे." मी बसलो. काही झालं नाही. "तुमचं वजन ते काय!" वहिनी म्हणाल्या, आणि चक्कर येत असलेल्या बाईने माझी अशी लाज काढलेली मी पहिल्यांदाच बघितली. ग्लोरिया माझ्या शेजारी येऊन बसली. चहा बराच सरकला. पण आम्ही दोघं काय मुक्कामभर तिथे बसून राहणार होतो? शेवटी ग्लोरिया उठली आणि जीपमधून इनासची हत्यारांची पेटी ओढत आणली. लोखंडी, काळी, आत पाने, हातोड्या आणि जन्मभर साठवलेले पत्र्याचे तुकडे. बघून माझ्या तोंडून निघालं, "सगळे माझ्या स्टोअरचे!" दोघांनी मिळून ती उजव्या बाकड्यावर ठेवली. शेजारी पाण्याचे दोन कॅन ठेवले. दुसरा कॅन टेकला आणि खालून आवाज आला... टक्.

वहिनींनी डोळे उघडले. आधी बशीकडे नाही बघितलं, समोर पेटीकडे बघितलं. मग हळूच बशीत आणखी चहा ओतला, काठोकाठ. चहा सगळ्या काठांना सारखा लागला. त्यांनी वाकून भुरका मारला आणि बाकड्यावर आडव्या झाल्या. "जरा पडते," म्हणाल्या. आम्ही बाहेर आंब्याखाली बसलो. थोड्या वेळाने आतून घोरण्याचा आवाज आला. ग्लोरिया रडायला लागली आणि मी तिला सांगत होतो, रडू नकोस, आणि माझा स्वतःचाच चष्मा भिजलेला.

खोली आता वहिनींच्या अंगणात आहे आणि ती कुणाला द्यायची नाही. तिथेही मी ती लेव्हल करून दिलीय, बारीक पट्टी आणि समोरच्या पेटीसकट. दुपारी वहिनी तिच्यातच झोपतात. पुढच्या महिन्यात तळ्याकाठी जायचं ठरलंय. काल माझ्या घराच्या फाटकाचा बोल्ट ढिला झाला म्हणून पाना मागायला गेलेलो. वहिनी आडव्या झालेल्या, मी चोरपावलांनी पेटी उघडून पाना काढला. डोळे मिटूनच त्यांनी विचारलं, "भावजी, काय काढलंत?" "एक पाना, वहिनी. उद्या आणून देतो." "मग तेवढ्या वजनाचं काहीतरी ठेवा तिथे. मी झोपलेय." एका पान्याने काय होतंय, असं म्हणायला तोंड उघडलेलं, ते मिटलं. खिसे चाचपले. किल्ल्यांचा जुडगा हाताला लागला, तो पेटीत ठेवला आणि झाकण अलगद लावलं. ट्रेनने आंबिवलीला उतरलो, चालत घरी आलो. बायको मुलीकडे गेलेली, दाराला कुलूप. खिशात हात घातला तेव्हा आठवलं, किल्ल्या इनासकडे राहिल्या.